क्रियापद काय काय विचारतं

'मी' हा शब्द मराठीत बाईचा आणि पुरुषाचा एकच. 'मी आत्ता ठाण्याला' इथपर्यंत वाक्य कोणाचंही असू शकतं. पुढे क्रियापद आलं की मात्र ठरवावंच लागतं: जातोय की जातेय. तिसरी सोय नाही. बंगालीत 'आमि जाच्छि' म्हणून मोकळं होता येतं, मल्याळममध्ये 'ञान् पोकुन्नु' म्हणून. बोलणारी आजी आहे की तिचा नातू, हे त्या क्रियापदांना कळतही नाही आणि कळून घ्यायचंही नसतं.

याचं कारण क्रियापदाच्या पोटात आहे. 'जातो' हे मुळात धड क्रियापद नाही, 'जात' हे धातुसाधित विशेषण आहे. विशेषण म्हटलं की चांगला, चांगली, चांगलं हे ओघानं आलंच. तेच 'जातो, जाते, जातं' मध्ये उतरलं. जिथे मराठीनं जुनं, विशेषणाच्या वाटेनं न आलेलं रूप जपलं, तिथे हा प्रश्न उठतच नाही. 'मी उद्या जाईन' हे बाई म्हणते की पुरुष, सांगा पाहू. हिंदी मात्र भविष्यकाळातही सोडत नाही: जाऊँगा, जाऊँगी. इतक्या लांबच्या रशियनमध्ये नेमका असाच प्रकार आहे. वर्तमानकाळात 'तो वाचतो' आणि 'ती वाचते' यांना एकच 'चिताएत', पण भूतकाळात 'चिताल' आणि 'चिताला' असे दोन वेगळे, कारण त्यांचा भूतकाळही एका जुन्या धातुसाधितातूनच आला. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. दोन भाषांची गाठभेट नाही, तरी दोघींच्या हातून एकच गोष्ट घडली आणि तिचं कारणही एकच निघालं.

नेरुळला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मी बोलायच्या मराठीचा वर्ग घेते. पाटी नाही, फी नाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 ची, आणि तेव्हापासून खाडीपलीकडच्या या शहरात जो येऊन राहिला तो आपापलं क्रियापद घेऊनच आला. वर्गात एक चेची (मल्याळममध्ये ताई) आहेत, केरळच्या, इथल्या एका रुग्णालयात परिचारिका. बँकेतून निवृत्त झालेले एक तमिळ काका आहेत, वहीला कव्हर घालून येणारे. एपीएमसी मार्केटात मसाल्याची गादी असलेले गुजरातीभाई, आयटीतलं एक बंगाली जोडपं, हैदराबादहून लग्न होऊन आलेली एक मुलगी, आणि घरी भोजपुरी बोलणारा रिक्षावाला दादा. दादा सगळ्यांत आधी येतो आणि खुर्च्या मांडतो.

या मंडळींबरोबर बसल्यावर व्याकरणाकडे बघायची माझी नजर पार बदलली. शाळेत व्याकरण म्हणजे नियम आणि अपवाद होते. आता ते मला आमच्या गेटवरच्या रजिस्टरसारखं दिसतं. एका सोसायटीत नाव आणि फ्लॅट नंबर लिहिला की आत जाता येतं, दुसरीत गाडीचा नंबर हवा, तिसरीत कोणाला भेटायचंय आणि का, तेही. रकाना रिकामा ठेवून आत सोडत नाहीत. भाषेचंही तसंच. रोमन याकोबसन या भाषाशास्त्रज्ञानं 1959 मध्ये हे नेमकं मांडलं होतं: कुठल्याही भाषेत काहीही सांगता येतं, भाषा वेगळ्या होतात त्या काय सांगावंच लागतं यावरून. आणि हे 'सांगावंच लागणं' सर्वांत जास्त गोळा होतं ते क्रियापदापाशी.

चेची म्हणतात, "माझा मुलगी आला." वर्गात कोणी हसलं तर मला ते आवडत नाही आणि मी तसं स्पष्ट सांगते. मल्याळममध्ये 'वन्नु' हे एकच रूप आहे. मी आले, तू आलास, तो आला, ती आली, ते आले, सगळ्यांना 'वन्नु'. तिची सख्खी बहीण तमिळ मात्र कर्ता चोख नोंदवते: वन्देन्, वन्दान्, वन्दाळ्. मल्याळममध्येही कधीकाळी असे प्रत्यय होते, ते गळून गेले. म्हणजे चेचींच्या रजिस्टरात हा रकानाच नाही. जो रकाना जन्मात कधी भरला नाही, तो दर वाक्याला भरायचा, आणि तोही समोर पेशंट ताटकळलेला असताना. त्यात मराठीची तीन लिंगं. द्राविडी भाषांत लिंग अर्थावरून ठरतं: माणूस पुरुष, बाई स्त्री, वस्तू त्या वस्तू. आमच्या ओट्यावर तो तवा, ती कढई, ते भांडं. तो झारा, ती पळी, ते उलथनं. तिघांचं काम एकच, तळायचं-ढवळायचं, तरी लिंगं तीन. तमिळ काकांनी विचारलं होतं, "पळीनं असं काय केलं की ती बाई झाली?" मी म्हटलं, काका, शेवटचा स्वर बघा. आकारान्त बहुधा तो, ईकारान्त बहुधा ती, आणि शेवटच्या अक्षरावर अनुस्वार असला की ते. याला अपवाद ढीगभर आहेत, पण ओट्यापुरतं बरंचसं निभावतं.

म्हणून मल्याळमचं क्रियापद सुस्त आहे असं कोणी समजू नये. ते दुसरीकडे जागं आहे. 'देणे' घ्या. मराठीत मला दे, तुला देते, त्याला दे, धातू एकच. मल्याळममध्ये मला किंवा तुला द्यायचं असेल तर 'तरू', तिसऱ्या माणसाला द्यायचं असेल तर 'कोडुक्कू'. 'एनिक्कु तरू', मला द्या. 'अवनु कोडुक्कू', त्याला द्या. वस्तू कुठल्या दिशेनं निघाली, हे चेचींचं क्रियापद विचारतं, माझं नाही. जपानीतही देण्याचे धातू असेच दिशेनं वेगळे आहेत: माझ्याकडे येणारं देणं 'कुरेरु', माझ्याकडून जाणारं 'आगेरु'. मी चेचींकडून ही दोन वाक्यं शिकत होते तेव्हा माझ्या तोंडी दर वेळी एकच धातू यायचा आणि त्या शांतपणे दुरुस्त करायच्या. तेव्हा मला 'माझा मुलगी आला' आतून समजलं.

आता मराठीच्या भूतकाळाकडे येते, कारण वर्गात सगळ्यांत जास्त वेळ तिथे जातो आणि मला तो द्यावासा वाटतो.

'मी पोळी खाते.' क्रियापद माझं ऐकतं. 'मी पोळी खाल्ली.' क्रियापद पोळीचं ऐकतं. आंबा असता तर खाल्ला, केळं असतं तर खाल्लं. खाणारा बाप्या असो की बाई, क्रियापदाला त्याचं सोयरसुतक नाही. तमिळ काकांना हे अन्यायाचं वाटलं. त्यांचा प्रश्न सरळ होता: खाल्लं मी, पोट माझं भरलं, मग क्रियापद पोळीच्या मागे का जातं?

याचं उत्तर संस्कृतात आहे. संस्कृतात भूतकाळाची चांगली तीन-तीन रूपं होती, पण बोलणाऱ्यांनी हळूहळू ती बाजूला ठेवली आणि 'त'कारान्त धातुसाधित वापरायला लागले. 'मया पोलिका खादिता', माझ्याकडून पोळी खाल्ली गेली. यात कर्ता तृतीयेत, आणि 'खादिता' हे पोळीचं विशेषण, म्हणून स्त्रीलिंगी. प्राकृतातून येताना तो 'त' झिजला, 'इल्ल' हा प्रत्यय येऊन चिकटला, आणि 'मी पोळी खाल्ली' तयार झालं. आपल्याला तो 'मी' कर्त्याचा वाटतो, पण या वाक्यातला 'मी' हा त्या 'मया'चा वंशज आहे. जुन्या पोथ्यांत तो 'म्यां' असा वेगळा दिसतोही. आज उच्चार एक झाला म्हणून ओळख पुसली. 'त्याने', 'तिने' मध्ये तृतीया अजून उघड दिसते.

हे सांगत असताना रिक्षावाले दादा मध्येच म्हणाले, "ल तो हमरे में भी है. ऊ गइल." अगदी बरोबर. तोच ल. आणि बंगाली जोडप्याकडेही तोच: 'खेलाम', खाल्लं. मूळ एकच, पण पूर्वेकडच्या भाषांनी पुढे वेगळा निर्णय घेतला. 'आमि रुटि खेलाम' मध्ये क्रियापद पुन्हा 'आमि'कडे वळलंय, रुटीकडे बघतही नाही. मराठी, गुजराती, हिंदी या पश्चिमेच्या भाषा कर्माशी इमान राखून राहिल्या. गुजरातीभाईंना म्हणून हा धडा शिकवावाच लागला नाही. 'में रोटली खाधी', 'मी पोळी खाल्ली'. उलट गुजराती आमच्याही एक पाऊल पुढे आहे. 'त्याने मुलीला पाहिलं' म्हणताना 'ला' लागला की मराठीचं क्रियापद माघार घेतं आणि नपुंसकलिंगी होऊन बसतं. त्यालाच आपण शाळेत भावे प्रयोग म्हणतो. गुजरातीत प्रत्यय लागला तरी क्रियापद मुलीला सोडत नाही: 'तेणे छोकरीने जोई'.

नियम पक्का झाला असं वाटतंय तोवर चहा येतो. 'मी पोळी खाल्ली', पण 'मी चहा प्यायले'. इथे क्रियापद परत माझं! खाणं कर्माच्या ताब्यात, पिणं कर्त्याच्या. शिकणं, विसरणं, म्हणणं, जेवणं हेही पिण्याच्याच बाजूचे. 'मी मराठी शिकली' असं चेची म्हणतात तेव्हा त्यांनी 'पोळी खाल्ली'चा नियम 'मराठी'ला लावलेला असतो, म्हणजे चूक तर्कशुद्ध असते. हिंदीत पाणी 'पिया'च जातं, क्रियापद पाण्याशी जुळतं. पण 'वह किताब लाया' म्हणताना हिंदी 'ने' विसरते, कारण 'लाना' हे 'ले आना' आहे आणि 'आना' अकर्मक. आपल्याकडे आणणं सरळ कर्माचं: 'त्याने पुस्तक आणलं'. या गोष्टी पाठ करायला लावल्या की माणसं कंटाळतात. कुठून आल्या ते सांगितलं की काकांसारखी माणसं वहीत चौकट आखून लिहून घेतात.

आणि मग 'तू'. 'तू पोळी खाल्लीस.' हे रूप मला मराठीतलं सर्वांत देखणं रूप वाटतं. फळ्यावर मी ते तोडून लिहिते. 'ली' पोळीसाठी, 'स' तुझ्यासाठी. आंबा असता तर खाल्लास, केळं असतं तर खाल्लंस. एकाच क्रियापदात कर्मही नोंदलं गेलं आणि कर्ताही. हिंदीत असं होत नाही, 'तूने रोटी खाई' वर ती थांबते. मोरो केशव दामल्यांच्या 1911 च्या व्याकरणाच्या परंपरेत वाढलेली आपली शालेय पुस्तकं याला कर्तृ-कर्मसंकर प्रयोग म्हणतात. नाव ऐकून मुलं घाबरतात, आणि घरी आईला 'तू माझी वही कुठे ठेवलीस?' असं दिवसभर विचारत असतात. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क भाषेत हा प्रकार टोकाला गेलेला आहे. तिथलं 'दिस्किओत' हे साहाय्यक क्रियापद एकटंच सांगतं की 'मी', 'त्याला', आणि 'त्या वस्तू, एकाहून जास्त'. तिघांची हजेरी एका शब्दात. आपला 'स' त्याच जातीचा आहे, आणि तो रोज वापरताना आपल्या लक्षातही येत नाही.

चेचींना रुग्णालयात लागणारी मराठी मात्र वेगळीच. पेशंट तिथे 'पोळी खाल्ली' फारसं म्हणत नाहीत. ते म्हणतात, मळमळतंय. गरगरतंय. छातीत धडधडतंय, लघवीला जळजळतंय, टाक्यांपाशी ठसठसतंय, डोळ्यात चुरचुरतंय. कोण मळमळतंय? कोणीच नाही. 'मला मळमळतंय' मध्ये कर्ताच नाही, क्रिया नुसती होते आहे आणि मी तिच्या हद्दीत सापडले आहे. उजाडलं, अंधारलं, सांजावलं हीही याच कुळातली, भावकर्तृक. इंग्रजीला अशा ठिकाणी एक पोकळ 'इट' आणून बसवावं लागतं, कारण तिचं वाक्य कर्त्याशिवाय उभं राहत नाही.

याच्याही पुढे 'चालवत नाही' आहे. वॉर्डातली म्हातारी म्हणते, "सिस्टर, मला आता चालवत नाही गं, जिना तर चढवतच नाही." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चेचींना वाटलं होतं, या आजी पूर्वी गाडी चालवायच्या. 'चालवणे' त्यांनी रिक्षात ऐकलं होतं. हे शक्य क्रियापद आहे: इच्छा आहे, पण अंगात त्राण नाही. माझ्याकडून होत नाही, आणि त्यात माझा दोष नाही. बघवत नाही, खाववत नाही, बसवत नाही. म्हातारपणाच्या आणि आजारपणाच्या भाषेला मराठीनं एक अख्खं रूप दिलं आहे. पुढच्याच रविवारी चेचींनी सांगितलं की त्यांनी एका आजोबांना "आता उठवतं का?" असं विचारलं आणि आजोबा म्हणाले, "हो, आज जरा उठवतंय." हा संवाद व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा मला जास्त मोलाचा आहे.

दुखण्याच्या या नादमय शब्दांचं जपान्यांशी फार जुळतं. ठसठसण्याला ते 'झुकिझुकि' म्हणतात, चुरचुरण्याला 'हिरिहिरि', आणि डॉक्टरपुढे हेच शब्द वापरतात.

'मला' हे प्रकरण तर आमच्या वर्गाची एकी घडवणारं आहे. मला भूक लागली. मला राग आला. मला दोन मुली आहेत. भूक, राग, मुली यांच्या बाबतीत मराठी 'मी'ला कर्त्याच्या गादीवर बसवत नाही, चतुर्थीत उभं करते. चेचींकडे 'एनिक्कु विशक्कुन्नु', काकांकडे 'एनक्कु पसिक्किदु', दोघांचाही 'मला'. बंगाली 'आमार खिदे पेयेछे' म्हणते, माझी भूक, पण 'आमि' नाहीच. रशियनाला थंडी वाजते तीही 'म्न्ये', म्हणजे 'मला'. इंग्रजीत हे पूर्वी होतं. 'मीथिंक्स' हा जुना शब्द म्हणजे चक्क 'मला वाटतं'. पुढे इंग्रजीनं सगळ्यांना 'आय'च्या खुर्चीत बसवलं, भुकेलाही आणि विचारालाही.

संस्कृतच्या घराण्यातली मराठी आणि द्राविडी घराण्यातली तमिळ यांचे शब्द जुळत नाहीत, पण वाक्यांचे सांगाडे जुळतात, हे विद्वानांनी फार पूर्वी हेरलं. मरे एमेनो यांनी 1956 मध्ये भारत हा एक भाषिक प्रदेश आहे असं मांडलं: कूळ वेगळं असलं तरी शेजार इतका जुना की सवयी एक झाल्या. याचं सर्वांत सुंदर उदाहरण आपल्याच सांगली जिल्ह्यातलं आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 मध्ये कुपवाडच्या बोलींवर लिहिलं. तिथे जैन कन्नड बोलायचे, मुसलमान उर्दू, आणि मराठी सगळ्यांची. शतकानुशतकं एकमेकांशी व्यवहार करता करता या भाषांचे शब्द आपापल्या घरी राहिले आणि रचना मात्र एक झाली. 'पाला जरा कापून घेऊन आलो' हे मराठी, 'पाला जरा काट के ले के आया' हे तिथलं उर्दू. कन्नड वाक्यही असंच, ठिकाणाला ठिकाण, प्रत्ययाला प्रत्यय. एका भाषेतून दुसरीत जाताना शब्द बदलायचा, वाक्य जागचं हलवायचंही नाही. आणि तरी कोणी आपली भाषा सोडली नाही. घरात घरची, चावडीवर मराठी. या गावाबद्दल मी वर्गात दरवर्षी सांगते, आणि दर वेळी मला ते सांगताना अभिमान वाटतो.

एकदा मी फळ्यावर 'खाऊन बघ' लिहिलं आणि प्रत्येकाला आपल्या भाषेत म्हणायला सांगितलं. काका म्हणाले 'सापिट्टु पार्'. भाई म्हणाले 'खाई जो'. बंगाली ताई 'खेये देखो'. हैदराबादची मुलगी आणि रिक्षावाले दादा, दोघंही 'खाके देखो'. कन्नडमध्ये 'तिंदु नोडु'. सगळ्यांत आधी खाणं, मग बघणं, आणि बघण्याचा डोळ्यांशी काही संबंध नाही. मग मी जपानी लिहिलं: 'ताबेते मिरु'. 'ताबेते' खाऊन, 'मिरु' बघणं. काका खुर्चीतून उठून फळ्याजवळ आले होते.

दुसरं क्रियापद पहिल्याच्या पाठीवर बसवून बोलणाऱ्याचं मन सांगायची ही युक्ती मराठीत फार पुढे गेली आहे. पैसे देऊन टाकले, म्हणजे एकदाचं ओझं उतरलं. पैसे देऊन बसलो, म्हणजे आता पस्तावतोय. पैसे देऊन ठेवले, म्हणजे पुढची सोय केली. देणं तिन्हीकडे तेच, रक्कमही तीच असेल. जपानीत 'शिमाउ' हे एकच क्रियापद आपलं 'टाकणं' आणि 'बसणं' दोन्ही पेलतं, सुटका की पस्तावा हे प्रसंगावरून ओळखायचं. मराठीनं दोन वाटा वेगळ्या केल्या. ज्यांना मराठी फार चांगली यावी असं वाटतं, त्यांना मी हेच सांगते की शब्दसंग्रह वाढवत बसू नका, टाकणं, बसणं, ठेवणं, घेणं, देणं एवढ्यांची संगत धरा.

आणि 'म्हणे'. लिफ्टमध्ये ऐकलेली कुठलीही बातमी घ्या. 'सातव्या मजल्यावरचे फ्लॅट विकून गावी गेले.' यात मी जबाबदारी घेते. 'फ्लॅट विकून गावी गेले म्हणे.' आता माझे हात मोकळे, मी ऐकलंय फक्त. तुर्की भाषेत हे ऐच्छिक नाही. 'तो आला' सांगताना 'गेल्दी' म्हणालात तर ते तुम्हाला थेट ठाऊक आहे, 'गेल्मिश' म्हणालात तर ऐकलंय किंवा खुणांवरून ताडलंय. दोहोंपैकी एक निवडावंच लागतं. तुम्हाला हे कसं कळलं, हा त्यांच्या रजिस्टरातला रकाना. आपल्याकडे तो मर्जीचा आहे, पण ज्यांना त्याची किंमत कळते ती माणसं तो भरतात. माझी आजी कधीही चुकवायची नाही. तिच्या तोंडून 'म्हणे' शिवाय आलेली बातमी म्हणजे तिनं डोळ्यांनी पाहिलेली.

वर्गातल्यांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न मात्र वेगळाच आहे. ट्रान्स हार्बर लोकलमध्ये, कॉलेजच्या कट्ट्यावर, दुकानात, त्यांना मराठी घरातल्या मुली म्हणताना ऐकू येतात: 'मी आली', 'मी बोलली', 'मी गेली'. मी शिकवते 'मी आले'. मग खरं काय?

प्रमाण मराठीत भूतकाळी क्रियापद दोन्ही नोंदवतं, लिंगही आणि व्याकरणातला पुरुषही, म्हणजे मी, तू की ती. मी आले, तू आलीस, ती आली. 'मी आली' म्हणणारी मुलगी लिंग राखते आणि पुरुषाचा रकाना सोडून देते. हिंदी हेच करते: मैं आई, तू आई, वह आई. शेजार हिंदीचा, तेव्हा शेजाऱ्याची सवय लागणारच. आता कोल्हापूरकडे चला. तिथल्या कितीतरी बायका म्हणतात, 'मी आलो', 'मी जातो'. त्या पुरुषाचा रकाना राखतात आणि लिंगाचा सोडतात. महाराष्ट्राच्या दोन टोकांना दोन बोलींनी एकाच रूपातलं एकेक ओझं उतरवलं आहे, आणि नेमकं वेगवेगळं. मला हे दृश्य अतिशय रंजक वाटतं. कोल्हापूरच्या 'मी जातो'चं कौतुक होतं, रांगडी गोडी म्हणून. नवी मुंबईच्या 'मी आली'ला मात्र अडाणी म्हणतात. हा भेदभाव आहे आणि मला तो मान्य नाही. इथल्या मूळ गावठाणांत, नेरुळ गावात, शिरवण्यात, करावे गावात, आगरी-कोळी घरांतून 'आयला', 'आयली' ऐकू येतं, त्यालाही अशीच नावं ठेवणारे आहेत. इमारती उभ्या राहायच्या कितीतरी आधीपासून ती बोली या खाडीकाठी बोलली जात होती.

तरी वर्गात मी 'मी आले'च शिकवते, आणि आग्रहानं. अर्ज लिहायचा असेल, मुलाखत द्यायची असेल, मुलांच्या शाळेत बोलायचं असेल तर ते रूप हाताशी हवं. ज्याच्याकडे दोन्ही रूपं आहेत तो दोन्ही ठिकाणी उभा राहू शकतो. एवढाच माझा मुद्दा आहे. करावे गावाचं नाव आलंच आहे तर सांगते, विध्यर्थ शिकवताना मला बसवरची ती पाटी फार उपयोगी पडते. गावाचं नाव ते गावाचं नाव, पण 'काय करावे' म्हटलं की सगळ्यांना बस आठवते आणि रूप विसरत नाहीत.

येत्या रविवारी नकार घ्यायचा आहे. मराठीतला नकार हेही क्रियापदच, हिंदीच्या 'नहीं'सारखा जागच्या जागी बसून राहणारा शब्द नाही. मी जात नाही, तू जात नाहीस, ते जात नाहीत. 'जात' जागचा हलत नाही, चालतं ते 'नाही'. फिनिश भाषेत असंच आहे, तिथेही नकाराचं क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलतं: एन, एत, एइ. मग नको, नये, नव्हे, नसे, प्रत्येकाचं काम वेगळं. हिंदीवाल्यांना इथे घाम फुटतो, कारण त्यांचं एक 'नहीं' किंवा 'मत' सगळीकडे चालतं. काकांना 'नको' आधीच येतं, त्यांच्याकडे ते 'वेण्डाम्' आहे. चेचींकडे 'वेण्डा', कन्नडमध्ये 'बेड'. आणि हैदराबादच्या मुलीला तर मी काही शिकवायची गरजच नाही. तिच्या दखनी उर्दूत मराठीतून गेलेलं 'नक्को' आहे, ती लहानपणापासून ते म्हणत आली आहे. तिलाच फळ्यापाशी उभी करणार आहे.